आत्याची लांबडी सायकल: पायडल पुढे नेण्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आत्याला पुन्हा सायकल हवी आहे. वय त्रेसष्ट. फर्ग्युसनला असताना आणि पुढे नोकरीतही बरीच वर्षं सायकल चालवलेली, नंतर स्कूटर, नंतर काहीच नाही. अटी दोनच. पहिली, सिग्नलला सीटवरून न उतरता पाय टेकले पाहिजेत. "चालवायला मी घाबरत नाही रे, थांबायला घाबरते." दुसरी, कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाता आलं पाहिजे. कॉलेजात असताना त्या सगळ्या मैत्रिणी गेल्या होत्या, तेव्हा साताऱ्याचा रस्ता तोच.

पहिल्या अटीवर कोणीही सांगेल, सीट खाली घे. पण सीट खाली घेतली की पायडल वर असताना गुडघा पोटाला लागतो आणि चार किलोमीटरवर गुडघेच बोलायला लागतात. पाय जमिनीवरही पोचायला हवेत आणि पायडल मारताना जवळजवळ सरळही व्हायला हवेत. नेहमीच्या सायकलवर हे दोन्ही एकत्र जमत नाही, आणि का जमत नाही हे आकड्यांतच दिसतं.

आत्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं, मांड्यांमध्ये जाडजूड पुस्तक धरायला लावलं, टेप लावला. पायाची आतली लांबी ७२ सेंमी, बूट धरून ७४. शर्यतवाले वापरतात त्या ०.८८३ च्या गुणकाने सीट ते क्रँकचा मध्य (पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तो) हे अंतर साडेत्रेसष्ट सेंमी आलं. साध्या लेडीज सायकलची सीटची नळी साधारण ६९ अंशांत उभी असते आणि क्रँकचा मध्य जमिनीपासून २७ सेंमीवर. म्हणजे सीट जमिनीपासून ८६ सेंमी. पाय ७४. बारा सेंमी हवेत.

आता साडेत्रेसष्ट तेच ठेवायचं आणि सीट क्रँकभोवती मागे-खाली फिरवायची. सीट ८० सेंमीवर आणली की ती क्रँकच्या ३५ सेंमी मागे जाते (आत्ता २३ आहे) आणि कोन ५७ अंश होतो. चवडे पूर्ण टेकतात, टाचा थोड्या वर राहतात. पूर्ण तळवा टेकवायचा तर सीट ७५ वर हवी, मग ती ४२ सेंमी मागे आणि कोन ४९. तिथे सायकल अर्धी आडवीच झाली. चवड्यांवर तडजोड करायचं ठरवलं. आत्याला विचारलं नाही, तिला हे आकडे ऐकवले की ती चहा टाकायला उठते.

१५ जानेवारी, बुधवार

हे काही नवं नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या हेझ गावी रॅन्स नावाची कंपनी आहे, रँडी श्लिटर यांची. हलकी विमानं आणि सायकली एकाच छपराखाली बनवायची. सीटच्या बऱ्याच पुढे क्रँक असलेल्या अशा सायकलींना 'क्रँक-फॉरवर्ड' हे नाव रूढ केलं ते त्यांनीच. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या इलेक्ट्राने 'टाउनी' आणली, तिची जाहिरातच 'तळवा जमिनीला' अशी. २०१४ मध्ये इलेक्ट्रा ट्रेकने विकत घेतली. म्हणजे कल्पना दुकानात पोचली आहे, फक्त आपल्याकडच्या दुकानात नाही.

शर्यतींमध्ये ही गोष्ट कधी का दिसली नाही, याचं उत्तर पायांत नाही, नियमांत आहे. १९३३ च्या जुलैत फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या मानल्या गेलेल्या स्वाराने पॅरिसमध्ये शार्ल मोशेच्या आडव्या, म्हणजे रेलून चालवायच्या सायकलवर तासात ४५.०५५ किमी कापले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने रेसिंग सायकलची व्याख्याच अशी केली की तसली सायकल बाहेर. तेव्हापासून सीट क्रँकच्या किती मागे-पुढे असावी हे शर्यतीच्या नियमांनी ठरवलं, आणि शर्यतीच्या सायकलीवरून बाकीच्यांच्या.

दुपारी जुन्या बाजारात. बुधवार असल्याने गर्दी बेताची. एका भंगार फ्रेमची बी.बी.ची (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस जिच्यात फिरतो ती) नळी मिळाली, आत कप, म्हणजे बेअरिंगच्या वाट्या, शाबूत. २८-३८-४८ दात्यांचा तिहेरी चेनव्हील सेटही घेतला, क्रँक जरा वाकलेला वाटत होता म्हणून भावात घासाघीस झाली. घरी येऊन काचेवर ठेवून पाहिला, सरळ आहे.

१९ जानेवारी, रविवार

आज फक्त फोटो. आत्याला मागच्या स्टँडवर उभ्या केलेल्या लेडीज सायकलवर बसवलं. खांदा, कंबर, गुडघा, घोट्यावर लाल टिकल्या (घरात दुसरं काही चिकटणारं मिळालं नाही) आणि बाजूने फोटो. मग माझ्या टूरिंग सायकलवर माझा.

या सगळ्या प्रकल्पाचं मूळ इथे आहे, म्हणून नीट लिहून ठेवतो. पाठीचा जमिनीशी कोन आणि सीट-क्रँक रेषेचा जमिनीशी कोन, या दोघांची बेरीज म्हणजे कंबर किती उघडी आहे त्याचं माप. माझ्या टूरिंगवर पाठ ६० अंश, सीट ७२. बेरीज १३२. आत्या लेडीज सायकलवर ताठ बसते: पाठ ८५, सीट ६९. बेरीज १५४. कंबर इतकी उघडली की कुल्ल्याचे मोठे स्नायू फारसे कामाला लागत नाहीत, बराचसा भार मांडीच्या पुढच्या बाजूवर आणि गुडघ्यावर. ताठ बसून चढ चढताना माणूस आपोआप हँडलवर वाकतो ते यासाठी. बेरीज कमी करायला बघतो.

आता क्रँक-फॉरवर्ड: सीट ५७, पाठ ८०. बेरीज १३७. माझ्या टूरिंगच्या पाच अंश पलीकडे, बस. टूरिंगवरचा माणूस उचलून क्रँकभोवती पंधरा अंश मागे फिरवला, एवढंच झालं. पाय आणि कंबर यांच्या दृष्टीने फारसा फरक नाही, पण डोकं वर, मनगटं मोकळी.

'पायडल पुढे असलं की जोर लागत नाही' असं जे सर्रास म्हणतात ते म्हणूनच मला पटत नाही. जोर लागतो, फक्त जागा सरकते. उजवा क्रँक घड्याळाचा काटा मानला तर टूरिंगवर सगळ्यात जास्त जोर तीनच्या आसपास, इथे अडीचच्या. चढावर या सायकली मागे पडतात त्याचं कारण दुसरीकडे असणार.

२५ जानेवारी, शनिवार

फ्रेम कापण्याआधी फुकटात जे कळेल ते कळून घ्यावं. लेडीज सायकलला मागे वाकलेला सीटचा पाइप करून आणला, सीट बारा सेंमी मागे. क्रँक जागेवर, सीटच मागे. कोन तोच ५७.

दोन वजनकाटे घेतले. एकावर पुढचं चाक, एकावर मागचं. आत्या ६२ किलो, सायकल १८.

साध्या सीटवर: मागे ५२, पुढे २८.
मागे नेलेल्या सीटवर: मागे ५९, पुढे २१.

सपाटीवर ७४ टक्के वजन मागच्या चाकावर. आत्याने सोसायटीत फेरी मारली, थांबली, चवडे टेकले, हसली. "हे बरंय." मी काही बोललो नाही.

२६ जानेवारी, रविवार

पहाटे एआरएआयच्या टेकडीचा रस्ता, स्वतः. चढ मोजायला एक मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि गवंड्याची लेव्हल नेली होती: पट्टी रस्त्यावर ठेवायची, खालचं टोक उचलत न्यायचं, बुडबुडा मधे आला की खालची फट मोजायची. सात सेंमी फट म्हणजे सात टक्के चढ. मॉर्निंग वॉकवाल्या एका आजोबांनी विचारलं, "महापालिकेकडून का?"

साडेसहा-सातवर चाक डुलायला लागलं. नऊच्या तुकड्यावर प्रत्येक जोरदार पायडलला पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात पोकळ लागतं, सायकल सापासारखी चालते. हे होणारच होतं. साधारण एक मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असेल तर नऊ टक्क्यांच्या चढावर त्याची सावली नऊ सेंमी मागे सरकते; आधीच मागे असलेलं वजन आणखी मागे. त्यात कमी गिअरचा झटका.

आणि उभं राहता येत नाही. साध्या सायकलवर चढ असह्य झाला की माणूस पायडलवर उभा राहतो: पूर्ण वजन पायडलवर, वर हाताने हँडल ओढायचं, बसण्याच्या जागेला विश्रांती, दुसरे स्नायू कामाला. इथे पायडल शरीराच्या इतकं पुढे आहे की उठायला गेलं की आधी पुढे झेपावं लागतं. मी प्रयत्न केला, गुडघा हँडलला लागला.

चढावरचा तोटा तो हा: उभं राहणं गेलं आणि पुढचं चाक हलकं पडलं. पहिल्याला इलाज गिअर. दुसऱ्याला इलाज लांबी. आणि दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात, कारण गिअर कमी केला की वेग कमी होतो, आणि वेग ताशी सहाच्या खाली गेला की हलकं चाक अजून डुलतं.

२ फेब्रुवारी, रविवार

कागदावर पर्याय.

सीट आणि मागचं चाक तिथेच ठेवून फक्त क्रँक बारा सेंमी पुढे न्यायचा? क्रँकपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत आत्ता साठ सेंमी आहे, त्याचे अठ्ठेचाळीस होतील. चाकाची त्रिज्या तेहेतीस. उरले पंधरा. क्रँक सतरा, त्यापुढे बुटाचं टोक नऊ-दहा. म्हणजे वळताना बूट टायरला घासणार, तेही भरपूर. सरळ जाताना चालेल, पण कमी वेगात चढताना आणि वळताना हँडल बरंच वळतं, आणि हे नेमकं तिथेच आडवं येईल. आत्याला हे नको.

पुढे वीस इंची चाक लावून थोडं सुटतं. पण खड्ड्यात लहान चाक जास्त आपटतं आणि आपल्याकडे खड्डे काही कमी व्हायचे नाहीत.

राहतं ते हेच: क्रँकसकट पुढचा सगळा भाग बारा सेंमी पुढे. मागचा त्रिकोण, सीट, कॅरियर जिथल्या तिथे. दोन चाकांतलं अंतर १०६ वरून ११८. टाउनी आणि रॅन्सच्या सायकली इतक्या लांबड्या का दिसतात हे आज माझ्या वहीत उमटलं. देखणेपणासाठी नाही ते.

९ फेब्रुवारी, रविवार

भोसरीला वेल्डिंगवाल्या काकांकडे. गॅसवर ब्रेझिंग (पितळ वितळवून नळ्या जोडणं) करणारे आता थोडे उरलेत, बाकी सगळे आर्कवाले. पातळ नळीला आर्क लावला तर जळून भोकं पडतात.

काकांनी चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं. "भाऊ, हिला दोन बी.बी.? जुनी कापून टाकू की."

"राहू द्या काका. तिच्यावर मागचा सगळा चिमटा उभा आहे. ती कापली तर सगळंच नव्याने जुळवावं लागेल."

"मग मधे पाइप टाकून नवी पुढे. आणि वरच्या दोन्ही नळ्या कापून वाढवायच्या."

"आतून स्लीव्ह घालून."

"ते मला सांगू नका."

बी.बी.च्या नळीला आटे असतात आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे. नळी चुकून फिरवून जोडली तर तो कप चालवता-चालवता सैल होत जातो आणि कोणालाच कळत नाही का. म्हणून घरूनच पंच मारून 'चेन' लिहून नेलं होतं. जोडताना तापून आटे वाकडे होऊ नयेत म्हणून काकांनी जुने कप आत घट्ट बसवून ठेवले. हे मला ठाऊक नव्हतं. नव्या कपांचा खर्च वाचवायला निघालो असतो तर असे तापवायला जुने कप मोकळे राहिले नसते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फ्रेम आली. वेल्डिंगवाल्यांनी 'सरळ आहे' म्हटलं तरी दोरा लावायचाच. मागच्या डाव्या ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो ती खाच) दोरा बांधला, पुढे हेडच्या (हँडलच्या) नळीभोवती फिरवून उजव्या ड्रॉपआउटला आणला, ताणला. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजलं. डावीकडे ३१ मिमी, उजवीकडे ३३. दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे फ्रेम एक मिमी सरकलेली. गावठी कामाला उत्तमच.

चेन एका पाकिटात भागत नाही. दोन्ही बाजूंनी मिळून चोवीस सेंमी वाढले, अर्ध्या इंची कडीच्या हिशेबात एकोणीस कड्या, जोडीने लागतात म्हणून वीस. दुसऱ्या चेनचा तुकडा जोडला. इतकी लांब चेन खड्ड्यात फटके मारते म्हणून रिकाम्या राहिलेल्या जुन्या बी.बी.ला पट्टी आवळून एक नायलॉनचं बेअरिंग टेकवलं. जुनी नळी कामाला आली.

मागे १४ ते ३४ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील. पुढच्या चेनव्हीलांसाठी डिरेलर (चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारा) बसवायचा नाद सोडला: तो सीटच्या नळीला आवळतात आणि ती नळी नव्या क्रँकपाशी नाहीच. ३८ वर चेन ठेवायची, घाट आला की उतरून हाताने २८ वर टाकायची. रोज कोण घाट चढतो.

१ मार्च, शनिवार

पुन्हा वजनकाटे. सायकल आता साडेवीस किलो. आत्यासकट साडेब्याऐंशी. मागे ५५, पुढे साडेसत्तावीस. म्हणजे मागच्या चाकावर दोन तृतीयांश, साध्या लेडीज सायकलवर होतं जवळजवळ तेवढंच. बसणं मात्र ५७ अंशांचं. हा एक आकडा पाहायला दोन महिने काम केलं असं म्हटलं तरी चालेल.

हँडल: जुन्या रोडस्टरचं, मागे वळलेलं, वर पाइप जोडून आत्याच्या हाताशी आणलेलं. लांब हँडल म्हणजे होडीच्या सुकाणूसारखं वाटतं, वळायच्या आधी हात बाजूला न्यावा लागतो. आत्याला दहा मिनिटांत सवय झाली. मला झाली नाही.

८ मार्च, शनिवार

आरामाबद्दल. कोथरूड ते डेक्कन आणि परत.

मनगट, मान, खांदे यांची तक्रार शून्य. हातांवर वजनच नाही. रस्ता समोर दिसतो, खाली वाकून नाही. सिग्नलला ती राणीसारखी बसून राहते आणि बाजूचे स्कूटरवाले बघतात. गुडघ्यांबद्दल ती काही म्हणाली नाही, आणि ती काही म्हणत नाही याचा अर्थ दुखत नाही.

पण स्पीडब्रेकर. साध्या सायकलवर आपण नकळत पायडलवर जरा उठतो, ढुंगण सीटपासून दोन बोटं वर, दणका गुडघ्यांत जिरतो. इथे उठता येत नाही, सगळं वजन बैठकीवरच. "कंबरेत जाऊन बसला रे," आत्या म्हणाली, आणि पुढच्या स्पीडब्रेकरला उतरून सायकल ढकलत नेली. सायकलच्या जाहिरातींत हे कोणी लिहीत नाही. ताठ बसणं म्हणजे आरामशीर बसणं, असं गृहीत धरलेलं असतं. ताठ पाठीत धक्का मणक्यामणक्यांतून सरळ वर जातो, वाकलेली पाठ निदान थोडी कमानीसारखी दबते.

इलाज टायर. २६ × २.१२५ चे जाड टायर, हवा ३५ पीएसआय. दुकानदार साठ भरायला निघाला होता, हात धरला. सीटखाली स्प्रिंगा होत्याच. संध्याकाळी पुन्हा तोच रस्ता: "आता ठीक." वेग कमी करायचा हेही तिने स्वतःच ठरवलं.

१६ मार्च, रविवार

चढाची सीट. गुळगुळीत रुंद सीटवर चढाला पायडल मारलं की माणूस मागे घसरतो, कारण जोर आता खाली कमी आणि पुढे जास्त आहे, आणि त्याला मागून कोणीतरी टेका द्यायला हवा. हाताने हँडल ओढून तो टेका मिळतो, पण लांबड्या हँडलला एका हाताने जरा जास्त ओढ बसली की सायकल वळते. म्हणून टेका सीटनेच द्यावा. मागचं टोक उंच असलेली सीट, मोपेडच्या जुन्या सीटचा फोम कापून, चर्मकाराकडून शिवून घेतली. नाक तीन-चार अंश वर.

मागच्या स्प्रिंगाही काढल्या, रबरी बुशं घातली. स्प्रिंगा सपाटीला छान, पण चढाला प्रत्येक पायडलबरोबर सीट खालीवर होते आणि ती ताकद फुकट जाते. आत्याला विचारून काढल्या. ती म्हणाली, "टायर तसेच ठेवणार असशील तर काढ."

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारून कात्रज. आत्या, मी, मागून काका (माझे सख्खे, वेल्डिंगवाले नव्हेत) स्कूटरवर डबा घेऊन.

जुना घाट जुन्या पद्धतीचा, वळणं घेत संथ चढणारा. पट्टी बहुतेक ठिकाणी पाच सेंमीच्या आसपास. पायथ्याशी चेन हाताने २८ वर टाकली, बोटं काळी.

हिशेब आधीच केला होता. पुढे २८ दाते, मागे ३४, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.७० मीटर पुढे. मिनिटाला पन्नास फेरे म्हणजे ताशी पाच किमीच्या थोडं वर. पाच टक्के चढ, साडेब्याऐंशी किलो: चढायला ५७ वॅट, टायरच्या घर्षणाला दहाएक. सत्तरच्या आत. ३८ वर राहिलो असतो तर त्याच पन्नास फेऱ्यांना नव्वदच्या वर लागले असते, आणि तिच्या जुन्या ४४-१८ च्या (पुढे ४४ दाते, मागे १८) लेडीज सायकलवर पन्नास फेरे विसराच, प्रत्येक फेऱ्याला पाच मीटर सायकल ढकलायची.

ताशी पाच या वेगात सायकल सरळ राहिली. हीच भीती होती. एक हात सोडून तिने ओढणी सारखी केली तेव्हा मी मागून बघत होतो, चाक रस्त्यावरच्या पट्ट्यावरून हललं नाही.

मला अपेक्षित नव्हतं ते दुसरंच. ती थांबत होती. वळण आलं, थांबली, पाय टेकले, पाणी प्यायली, परत निघाली. साध्या सायकलवर चढावर थांबलेला माणूस पुन्हा निघताना एका पायडलवर उभा राहून सीटवर उडी मारतो, आणि त्या उडीत सायकल मागे सरकते, डगमगते, म्हणून तो थांबायलाच नको म्हणून दमछाक करून घेतो. इथे ती आधीच बसलेली. उजवं पायडल वर-पुढे, ब्रेक सोडायचा, दाबायचं, निघाली. चढावर थांबणं फुकट झालं तर घाट म्हणजे नुसता वेळेचा प्रश्न उरतो.

बोगद्याच्या अलीकडे सावलीत डबा. श्रीखंड पातळ झालं होतं.

उतारावर सायकल दगडासारखी स्थिर. वजन मागे आणि चाकं लांब, पुढचा ब्रेक जोरात लावला तरी मागचं चाक उचललं जाण्याची शक्यता फार कमी. ती मात्र सगळा घाट दोन्ही ब्रेक दाबूनच उतरली. खाली रिम हात लावता येईना इतके तापले.

१३ एप्रिल, रविवार

तीच सायकल, मी. सीट माझ्या उंचीला वर घेतली. या कोनात सीट वर घेतली की मागेही जाते, त्यामुळे माझ्यासाठी वजन पुन्हा थोडं मागे सरकतं. कात्रजलाच गेलो, म्हणजे माझ्या टूरिंगशी तुलना होईल. छातीचे ठोके दोन्ही वेळा सारखे ठेवायचा प्रयत्न केला.

पाव हिश्श्याने जास्त वेळ लागला. त्यातला वजनाचा वाटा किती? टूरिंग तेरा किलो, ही साडेवीस, माझे ७८ धरून एकूण ९१ विरुद्ध साडेअठ्ठ्याण्णव: आठ टक्के. थोडं जाड टायरच्या घर्षणात गेलं. बाकीचं मला वाटतं उभं न राहता येण्यात: टूरिंगवर मी दर वळणाला उठून दहा-पंधरा फेरे मारतो आणि मांड्या मोकळ्या होतात, इथे तेच स्नायू पायथ्यापासून माथ्यापर्यंत. तरी पायांना जळजळ होती ती टूरिंगसारखीच, मांडीत आणि कुल्ल्यात दोन्हीकडे. लेडीज सायकलवर ताठ बसून चढलो होतो तेव्हा ती गुडघ्याच्या वाटीच्या वर होती. बेरीज १३७ चं म्हणणं पायांनी मान्य केलं.

२७ एप्रिल, रविवार

सिंहगड. पाठवणार नव्हतो, आत्याला नव्हे, सायकलला. पण किती चढते ते कळावं.

डोणज्याहून वर. सुरुवातीचा भाग बरा गेला. मग तो रस्ता जसा आहे तसा झाला: वळणांच्या आतल्या बाजूला पट्टी पंधरा सेंमी उचलावी लागली. २८-३४ वर पाय फिरत होते, पण पुढचं चाक हलकं, वेग ताशी चारच्या आत, आणि भज्यांच्या वासाने वेगाने वर निघालेल्या गाड्या. वळणाच्या बाहेरून घेऊन काही वळणं मारली, नंतर उतरून ढकलली. लांब सायकल ढकलायला मात्र सोपी: हँडल उंच आणि जवळ, वाकावं लागत नाही.

आठ-नऊ टक्क्यांपर्यंत ही सायकल बसून चढते. त्यापुढे ती चढायची नाही, आणि गिअर अजून कमी करून उपयोग नाही, कारण मग तोल राखायला वेगच उरणार नाही. एवढी मर्यादा कळली, पुरे.

१५ जून, रविवार

पाऊस. आत्या रोज सकाळी भाजीला आणि लायब्ररीत जाते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये सायकल मावत नाही, तिरकी उभी करूनही नाही. जिन्याखाली ठेवते, सेक्रेटरीशी बोलणं झालंय. चेनची जास्तीची लांबी म्हणजे गंजायलाही जास्त जागा, तेलाची बाटली तिने हँडलला पिशवीत ठेवली आहे.

तिला पुढे बास्केट हवी. भाजी मागच्या कॅरियरवर बांधण्यापेक्षा पुढे पाच किलो गेली तर चढाला चांगलंच, पुढचं चाक जड होतं. पण बास्केट हँडलला लावली तर भरल्यावर थांबताना हँडल आपोआप वळून पडतं, लांब हँडलला तर जास्तच. म्हणून ती हँडलला नको, हेडच्या नळीला जोडलेल्या लोखंडी चौकटीवर हवी, हँडल वळलं तरी बास्केट सरळच राहील. भोसरीच्या काकांना फोन केला. "माप घेऊन या," म्हणाले, "आणि ती दोन बी.बी.वाली आणा, मुलाला दाखवायचीय." चौकट पुढच्या चाकापासून किमान चार सेंमी वर हवी, मडगार्ड धरून सहा. हेडची नळी बाहेरून ३६ मिमी आहे, क्लॅम्प त्याचा.